बाहेरची कोण?

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतमजूर, ऊसतोड आणि घरकामगार स्त्रियांच्या एकत्र शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवून, थोडी काटछाट करून देत आहोत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

सकाळच्या गटचर्चेत तुमच्यापैकी पुष्कळजणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत मांडली. बाहेरची माणसं आल्यापासून आमची हजेरी वाढत नाही, असं कुणी म्हणालं. बागेच्या कामाला आता गावातल्या बायका बोलावत नाहीत, ठेकेदार परराज्यातून टोळी आणतो आणि सगळं काम उक्तं देतो, असं कुणी म्हणालं. आणि दोन-तीन गटांतून एकच प्रश्न आला, की घुसखोरांच्या विरोधात मोर्चे निघतात, आम्हालाही बोलावणं येतं, तर जायचं की नाही?

प्रश्न खरा आहे. हजेरी पडते हे खोटं नाही. ज्या बाईचा रोजगार बुडतो तिला "सगळी माणसं एक" एवढंच सांगून घरी पाठवणं हा तिचा अपमान आहे. म्हणून आज मी उपदेश करणार नाही. आपण हिशेब मांडू. बाहेरची म्हणजे कोण, बेकायदा म्हणजे काय, आणि मजुरी नेमकी पाडतं कोण, हे एकेक करून बघू.

पहिलं म्हणजे बाहेरची कोण?

या सभेत बसलेल्या बायकांपैकी किती जणी जिथे जन्मल्या त्याच गावात आज राहतात? हात वर करा. बघा, बोटांवर मोजण्याइतक्या. २०११ ची जनगणना सांगते, की आपल्या देशात गाव सोडणाऱ्यांत बायकाच जास्त आणि त्यांचं गाव सोडण्याचं सगळ्यांत मोठं कारण लग्न. माहेरी आपण परक्याचं धन. सासरी कितीही वर्षं झाली तरी भांडण पेटलं की पहिला शब्द येतो, "तू बाहेरून आलीस." नवऱ्यानं टाकलं की दोन्ही घरं बंद. तेव्हा बाहेरची असणं म्हणजे काय, हे बायकांना कुणी शिकवायला नको.

आणि नुसत्या बायका कशाला, आपले हे दोन जिल्हे म्हणजे जाणाऱ्यांचेच जिल्हे. जोतिराव फुल्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. ते पुण्याला गेलं. सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, त्याही लग्न होऊन पुण्याला गेल्या. आपली चळवळ गाव सोडलेल्या माणसांनी उभी केली. नंतर मुंबईच्या गिरण्यांत सातारा-सांगलीचे गडी पिढ्यान्‌पिढ्या राबले. एका खोलीत पाळीपाळीनं झोपले. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकाही घाटावरच्या आणि कोकणातल्याच होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आणि गावाकडे राहिलेली बाई मनिऑर्डरची वाट बघत एकटीनं शेत कसत होती, सासू-सासऱ्यांचं करत होती. तिच्या कामाची नोंद कुठल्याच मस्टरवर झाली नाही.

खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातले लोक सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरले. तामिळनाडू म्हणा, केरळ म्हणा, पंजाब म्हणा, सराफ पेठेच्या मागच्या गल्लीत आपल्या विट्याकडचा माणूस भट्टी लावून बसलेला सापडतो. त्या गावांना तो बाहेरचाच. त्याची बायको तिथल्या बाजारात मोडक्या तमिळमध्ये भाजीचा भाव करते. तिथल्या लोकांनी उद्या ठरवलं की ज्यांना आमची भाषा येत नाही त्यांनी चालू लागावं, तर आपल्याकडची कितीतरी घरं रस्त्यावर येतील.

भाषेवरून माणसाचं गाव ठरवता येत नाही, हे तर सांगली जिल्ह्याला चांगलं माहीत आहे. जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घराघरांत कन्नड बोलतात. त्या बायका महाराष्ट्राच्या नाहीत का? मग मुर्शिदाबादची बाई बंगाली बोलते म्हणून ती बांगलादेशी कशी ठरते? बंगाली ही आपल्या देशातल्या कोट्यवधी लोकांची मायबोली आहे. पण हे विसरलं जातं, आणि त्याचे परिणाम काय होतात ते पुढे बघू.

आता दुसरा शब्द, बेकायदा.

या मातीत हा शब्द जरा जपूनच वापरावा. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाले, माणसं मेली. पुढे प्रतिसरकार चाललं. सरकारदरबारी ते सगळे फरारी, बेकायदा. त्यांना रात्री-अपरात्री भाकरी कुणी दिली? बायकांनी. ओळखपत्र बघून दिली नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील २०२१ मध्ये गेल्या. १९४४ मध्ये त्या एका भूमिगत कामासाठी पोर्तुगिजांच्या गोव्यात गेल्या आणि परतताना मध्यरात्री मांडवी नदी लाकडी पेटीवर बसून ओलांडली, साथी बाजूनं पोहत होते. आजच्या शब्दांत सांगायचं तर ती बेकायदा सीमा ओलांडणंच होतं. स्वातंत्र्यसैनिक आणि पोटासाठी आलेला मजूर एकच, असं मी म्हणत नाही. कागदावरचा शिक्का माणसाबद्दलचा शेवटचा शब्द नसतो, एवढंच सांगते.

दुसरं उदाहरण त्याच्याही आधीचं. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पण पारधी बाईच्या पालावर आजही पहिला संशय जातो. ना जन्माची नोंद, ना सातबारा, ना कायमचा पत्ता. ती या मातीतलीच, आणि कागद मागायला लागलात तर सगळ्यांत आधी तीच बाहेरची ठरेल.

संशयाचं काय होतं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे. २०२२ च्या सप्टेंबरात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. ते पंढरपूरला निघाले होते. मोबाईलवर एक अफवा आली आणि पंढरीच्या वाटेवरची माणसंसुद्धा बाहेरची झाली. जिथे संशयालाच पुरावा मानतात तिथे उद्या कुणाचाही नंबर लागतो.

आता कागदाबद्दल बोलू, कारण बायकांचं सगळं दुखणं तिथे आहे.

आपल्या देशाच्या नागरिकत्वाचा कायदा काय म्हणतो ते सोपं करून सांगते. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेलं मूल जन्मानंच नागरिक. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा बाप यांपैकी एकजण नागरिक असायला हवा. आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक असला तर दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आता पोराच्या नागरिकत्वात आईच्या कागदांचाही हिशेब आला. आणि कुणी संशय घेतला तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यात तसंच होतं, आणि त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून आलेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. आधार कार्ड दाखवून भागत नाही. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र असलं म्हणजे माणूस नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

मग बाईकडे कागद असतो कुठला? चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घरात बाळंतीण झालेल्या बाईच्या मुलीची नोंद कुणी केली? शाळेत गेली नसेल तर दाखला नाही. जमीन तिच्या नावावर नाही. लग्नात आडनाव बदललं, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं लागलं, पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही बदललं. माहेरची सुमन सासरी संगीता झाली. दोन्ही एकच, हे दाखवणारा कागद एकही नाही.

ही कल्पनेतली भीती नव्हे. आसामात नागरिकांची यादी झाली. ३१ ऑगस्ट २०१९ ला अखेरची यादी लागली, तेव्हा १९,०६,६५७ लोक बाहेर राहिले. त्या सगळ्या खटाटोपात बायकांचं हेच झालं. ही अमक्याची मुलगी, लग्न होऊन अमक्या गावात गेली, असा ग्रामपंचायत सचिवाचा दाखला लाखो लग्न झालेल्या बायकांनी लावला होता. २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं तो दाखला बाद ठरवला. त्याच वर्षी ५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो पडताळणी करून चालेल, असं सांगितलं. मधले महिने त्या बायांनी कसे काढले असतील? बापाशी नातं दाखवायला चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या माहेरी जायचं आणि भावापुढे हात पसरायचा. भाऊ म्हणणार, कागद देतो, आधी जमिनीवरचा हक्क सोड. हे आपल्याकडे वेगळं होईल का?

टाकलेल्या बायकांची चळवळ या भागात १९८० च्या दशकापासून चालली. इंदुताई पाटणकरांसारख्या बाईनं उतारवयातही त्यासाठी गावोगाव पायपीट केली. तेव्हा मोर्चात मागणी काय होती? पोटगी तर होतीच, पण त्याबरोबर एक साधी मागणी होती, की माझ्या नावाचं रेशनकार्ड द्या. कचेरीतून उत्तर यायचं, "नवऱ्याचं नाव कुठाय? त्याच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आण." ज्यानं हाकललं त्याच्याकडूनच दाखला! त्याच बायकांच्या मुलांना उद्या कुणी विचारलं की तुझ्या बापाचे कागद दाखव, तर ती कुठून आणतील? महाराष्ट्रानं १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलं, हे चांगलंच झालं. पण ज्या आईचीच नोंद नाही तिचं काय? शिवाय २०२५ मध्ये उशिरा केलेल्या जन्मनोंदींबद्दल आपल्या राज्यात संशयाचं वादळ उठलं. घुसखोरांनी दाखले काढले म्हणून विशेष तपास पथक नेमलं आणि मार्च महिन्यात नियम कडक केले. खोटे दाखले काढणाऱ्यांना आणि पैसे घेऊन ते देणाऱ्यांना जरूर पकडा. पण उशिरा नोंद कुणाची असते? गरिबाची, भटक्याची, ऊसतोडीच्या कोपीत जन्मलेल्या पोराची.

याच मुद्द्यासाठी २०१९ च्या डिसेंबरात दिल्लीच्या शाहीनबागेत बायका थंडीत रस्त्यावर बसल्या, तीन महिन्यांच्या वर बसल्या, लॉकडाऊन लागला तेव्हाच २४ मार्च २०२० ला त्यांना उठवलं. त्यातल्या म्हाताऱ्या बायका एकच म्हणत होत्या, आम्ही कागद कुठून आणायचे? त्याच काळात, ९ फेब्रुवारी २०२० ला मुंबईत घुसखोर हटवा म्हणून मोठा मोर्चा आझाद मैदानावर गेला. दोन्हीकडे गर्दी होती. फरक एवढाच, की एकीकडे माणसं स्वतःचा हक्क मागत होती आणि दुसरीकडे दुसऱ्याला घालवा म्हणून मागत होती.

हटवा म्हटल्यावर प्रत्यक्षात काय घडतं तेही बघा. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतून बंगाली बोलणाऱ्यांना बांगलादेशी म्हणून पकडलं आणि हावड्याच्या गाडीत घातलं. त्यांत जरीकाम करणारे होते. बंगालमध्ये उलुबेडिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवली आणि त्यांना सोडवलं, कारण त्यांतले कितीतरी तिथलेच होते. सत्तावीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, पुन्हा तेच. मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकललं, त्यांच्या राज्य सरकारनं कागद पुढे केले आणि त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूम जिल्ह्यातली एक गरोदर बाई, नवरा आणि लहान मुलासह पलीकडे पाठवली गेली. तिच्या बापानं कोर्टात धाव घेतली. कलकत्ता उच्च न्यायालयानं परत आणा म्हणून आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि डिसेंबरात ती पोराला घेऊन परत आली. मधले महिने ती परमुलखात होती, त्यात तुरुंगातही. पोटुशी बाई! आपल्याकडे सातव्या महिन्यात बाईला माहेरी आणायची रीत आहे.

आणि हे दुसऱ्यांच्याच वाट्याला येतं असं समजू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायांत साखळ्या घालून माणसं आणली. त्यांत महाराष्ट्रातले तीन होते. तेव्हा आपल्याला राग आला. ते काही चोर नव्हते, पोटासाठी गेले होते, असं आपण म्हणालो. मग तेच वाक्य आपल्या गावातल्या वीटभट्टीवरच्या बाईबद्दल म्हणायला जीभ का अडखळते?

बाहेरची माणसं आपली कशी होतात तेही आपण पाहिलंय. कासेगावला गेल ऑम्वेट होत्या. अमेरिकेत मिनियापोलिसला जन्मलेली ही बाई सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला आली, इथल्याच भारत पाटणकरांशी लग्न करून इथेच राहिली, १९८३ मध्ये भारताची नागरिक झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच गेली. तिचं मराठी ऐकून बायका हसायच्या आणि तिच्याबरोबर मोर्चात चालायच्या. लोकांनी तिला कामावरून जोखलं. तिच्याकडे पासपोर्ट होता, विद्यापीठाची पदवी होती, म्हणून कायद्याचं दार तिला उघडं होतं. गरीब बाईला ते दार बंद असतं. आपला प्रश्न त्या दाराचा आहे.

आता तिसरा आणि मुख्य प्रश्न, मजुरी कोण पाडतं?

ऊसतोडीचं घ्या. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडचे आणि आपल्याच जत-आटपाडीचे मजूर दिवाळीनंतर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. हे सगळे महाराष्ट्राचे, मराठी बोलणारे, त्यांच्याकडे कागदही आहेत. मग त्यांची मजुरी चांगली आहे का? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांची मजुरी एकत्र, हिशेब नवऱ्याच्या नावावर. जानेवारी २०२४ मध्ये टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये दर झाला, तोही संपाची हाक दिल्यावर. आधी उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत मुकादमाच्या दावणीला. दोघांतलं एक दिवसभर बसलं तर खाडा, दंड. म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एकही बांगलादेशी यात नव्हता. मजुरी पाडायला परदेशी माणूस लागत नाही. अडलेला माणूस असला की पुरतो.

२०२० चा लॉकडाऊन आठवा. लाखावर ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात फडात अडकले. एप्रिलमध्ये परवानगी मिळाली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गावांनी वेशीवर काठ्या आडव्या लावल्या, कारण बाहेरून आलेत! एवढ्या लवकर माणूस आपल्याच गावाला बाहेरचा होतो.

मुंबईचंही आठवा. १९६६ नंतर सांगितलं गेलं, दाक्षिणात्य तुमच्या नोकऱ्या घेतात. २००८ मध्ये सांगितलं गेलं, उत्तरेकडचे घेतात. पण गिरण्या कुणी बंद केल्या? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले हजारो आपल्या गावांकडे परतले, बायकांनी दागिने मोडून त्यांना जगवलं. गिरण्या मालकांनी बंद केल्या आणि त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. एकाही मद्रासी टंकलेखकानं किंवा बिहारी टॅक्सीवाल्यानं गिरणीला कुलूप लावलं नाही.

ठेकेदार परराज्यातून टोळी का आणतो? ती अडलेली असते म्हणून. इथे तिचं कुणी नसतं, भाषा येत नाही, तक्रार कुठे करायची माहीत नसतं, झोपडी त्याच्याच जागेत. आणि वर पोलिसांची भीती घातली की काम झालं. "जास्त बोललीस तर बांगलादेशी म्हणून पकडून देईन." मैत्रिणींनो, आपण जेव्हा घुसखोर हटवा म्हणून ओरडतो तेव्हा ही धमकी आपण ठेकेदाराच्या हातात देतो. ती बाई जितकी जास्त घाबरेल तितक्या कमी पैशांत राबेल. आणि ती कमी पैशांत राबली की तुमची हजेरी पडली. तिची भीती आणि तुमची हजेरी एकाच दोरीनं बांधलेली आहे.

कायदा काय म्हणतो? १९८२ मध्येच दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात लागला. न्यायालयानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठबिगारीच आहे. १९७६ च्या कायद्यानं उचलीपायी माणूस बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली, तीही मजूर कुठल्या देशाचा असं विचारत नाही. राज्यघटनेचं १४ वं आणि २१ वं कलम, समानतेचं आणि जगण्याचं, ते नागरिकांपुरतं नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. म्हणजे बेकायदा म्हणायचंच तर कमी मजुरी देणारा बेकायदा आहे. त्याच्या दारावर मोर्चा गेलेला मात्र फारसा ऐकू येत नाही.

आता तुमच्यातली कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की खरंच कुणी सीमा ओलांडून आलं असेल तर? देशाला सीमा आहे, सरकारला तपासायचा हक्क आहे, हे मी नाकारत नाही. पण तपास कायद्यानं व्हावा, भाषेवरून आणि धर्मावरून होऊ नये. वकील मिळावा, कोर्टासमोर उभं करावं, आईपासून तान्हं मूल तोडू नये. तिनं केलेल्या कामाची मजुरी आधी तिच्या हातात पडावी. आणि ती कशी आली तेही बघावं. सांगलीच्या गोकुळनगरमध्ये संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद कित्येक वर्षं काम करताहेत, त्यांना विचारा, धाड पडते तेव्हा बाईचं काय होतं. नोकरी देतो म्हणून फसवून सीमेपार आणलेली बाई सापडली की एका वहीत पीडित आणि दुसऱ्या वहीत गुन्हेगार. अशा फसवून आणलेल्या बाईवर केवळ कागद नाहीत म्हणून खटला भरू नये, असं केंद्रीय गृहखात्यानं २०१२ मध्येच राज्यांना कळवलं होतं. आपल्या पोलीस ठाण्यात ते पत्र कुणाला दाखवून बघा.

मग आपण मोर्चा काढायचाच नाही का? काढायचा. पण आपला मोर्चा आपल्या मागण्यांचा. मला सुचतात त्या मांडते, तुम्ही दुपारच्या चर्चेत त्यांत भर घाला, खोडा, बदला.

एक. बागेत, वीटभट्टीवर, गुऱ्हाळावर, ऊसतोडीत जो कोणी काम करेल त्याला किमान वेतन, बाईला पुरुषाइतकं, आणि बाईचं तिच्या हातात. बाहेरच्या टोळीलाही तोच दर. दर सारखा झाला की स्वस्तातली टोळी आणण्यात ठेकेदाराचा फायदा उरत नाही. गावातल्या बायकांचं काम वाचवायचा खरा रस्ता हाच आहे.

दोन. कोयता मोडा. जोडीला एक मजूर धरणं बंद करा. बाईची वेगळी नोंद, वेगळा हिशेब, तिच्या नावाचं ओळखपत्र.

तीन. ठेकेदार आणि मुकादम यांची नोंदणी. टोळी आणली तर किती माणसं, कुठली, काय दरानं, हे त्यानं लिहून द्यावं. कागद त्याच्याकडून मागा.

चार. गावात काम द्या. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आपल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर बायकांनी खडी फोडली म्हणून या भागातली चूल पेटली. राज्यानं १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. ज्या गावात हक्काचं काम मिळतं तिथली बाई ठेकेदाराला नाही म्हणू शकते. दिल्लीत कायद्याचं नाव आणि रूप बदलत राहतं, आपण कामाचा हक्क सोडायचा नाही.

पाच. प्रत्येक बाईला तिच्या स्वतःच्या नावाचे कागद. टाकलेली असो, भटकी असो, ऊसतोडीची असो. जन्मनोंद, रेशनकार्ड, घराचा उतारा. त्यासाठी तिला नवऱ्याच्या किंवा भावाच्या दारात उभं करू नका. तालुक्याला शिबिरं घ्या, तलाठी आणि ग्रामसेवक पालावर जाऊन नोंद करतील असं बघा.

आणि एक काम सरकारवर सोपवायचं नाही, ते आपलं. तुमच्या शेजारच्या बांधावर परमुलखातली टोळी उतरली असेल तर आज संध्याकाळी तिच्यातल्या बायकांशी बोला. भाषा येत नसेल तर खुणेनं बोला. त्यांना दर काय मिळतो ते विचारा आणि तुमचा सांगा. दोघींना एकमेकींचा दर कळला की ठेकेदाराची निम्मी ताकद गेली. आजवर तो तुम्हाला सांगतो, त्या स्वस्तात करतात. त्यांना सांगतो, गावातल्या बायका तुमच्यावर चिडल्यात. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, यावरच त्याचं चालतं.

घुसखोरांच्या मोर्चाला जायचं की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही, तुमची संघटना तुम्ही ठरवा. फक्त बोलावणं घेऊन येणाऱ्याला एक विचारा, की या मोर्चानं माझी हजेरी किती रुपयांनी वाढेल? आणि त्याच्या घरच्या बागेत, त्याच्या भट्टीवर सध्या कोण राबतंय, काय दरानं राबतंय? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

समान कामाला समान दाम! बाईच्या नावाचा कागद, बाईच्या हातात दाम!

स्त्री-श्रमिक एकजुटीचा विजय असो!